व्हिसाची फी थोडी, वाट पाहण्याचा खर्च मोठा

लग्न ठरलं की दोन्ही घरांत हॉलचं भाडं, जेवणाच्या ताटाचा दर, मानपान, दागिने यांचा हिशेब बारकाईने होतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक असेल तर आणखी एक मोठा खर्च समोर उभा असतो. त्याबद्दल मात्र ‘तिकडचं काय ते तो बघेल’ एवढ्यावर बोलणं संपतं. मग लग्नाला दीड वर्ष झालं तरी सून पुण्यात आणि मुलगा न्यू जर्सीत असतो, दोन्हीकडचा संसार सुरू असतो, आणि व्हिसाच्या मुलाखतीच्या तोंडावर कळतं की मुलाचं उत्पन्न अटीला पुरत नाही. ही वेळ टाळता येते. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. कोणता पैसा कधी लागतो आणि कोणता कागद कधीपासून तयार हवा, हे आधी माहीत असावं लागतं.

हा लेख अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्यांनी भारतातल्या जोडीदाराला कायमचं बोलावून घेण्याबद्दल आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांचे जोडीदार एच-४ वर जातात. तो मार्ग वेगळा आहे आणि पुढे ज्या हमीपत्राबद्दल लिहिलं आहे ते त्यांना लागत नाही. इथले फीचे आणि उत्पन्नाचे आकडे २०२५ सालचे आहेत. हे आकडे बदलतात, म्हणून अर्ज भराल त्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

आधी फीचा हिशेब उरकून घेऊ. पहिला अर्ज आय-१३०, म्हणजे ‘हा माझा जोडीदार आहे’ हे अमेरिकी सरकारला सांगणारी पिटिशन. ती ऑनलाइन भरली तर ६२५ डॉलर, कागदावर भरली तर ६७५. ती मंजूर झाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर भरायचे. हे पैसे अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातूनच घेतले जातात, त्यामुळे ते तिकडच्या जोडीदारानेच भरायचे. व्हिसा हातात आल्यावर ग्रीन कार्ड छापून घरी येण्यासाठी आणखी २३५ डॉलर. ऑनलाइन अर्ज धरून सगळे मिळून १,३०५ डॉलर होतात. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर एक लाख सतरा हजारांच्या आसपास. ही रक्कम एकदम लागत नाही, वर्ष-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने लागते. अर्ज नामंजूर झाला तर मात्र भरलेली फी परत मिळत नाही.

भारतातल्या बाजूला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडची मेडिकल, राहिलेल्या लशी, पासपोर्ट कार्यालयातून काढायचं पोलिसांचं पीसीसी (त्याची फी ५०० रुपये), मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं, आणि मुंबईला एक-दोन फेऱ्या. भारतीयांच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुख्यतः मुंबईच्या वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात होतात. नागपूरच्या किंवा लातूरच्या माणसाने प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे धरून ठेवावेत. लग्नाचं प्रमाणपत्र नोंदणी कार्यालयाचंच लागतं. मंगल कार्यालयाच्या मालकाने दिलेली पावती किंवा गुरुजींचं पत्र चालत नाही. ग्रामपंचायत असो की महापालिका, नोंदणी लग्नानंतर लगेच करून घ्या, कारण तो कागद हातात येईपर्यंत आय-१३० भरता येत नाही आणि तेवढे महिने फुकट जातात. जन्मदाखल्यावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव यांत फरक असेल तर तोही आत्ताच दुरुस्त करा. मुलाखतीनंतर ‘हा कागद आणा’ म्हणून फाइल अडकली की दोन घरं चालवण्याचा एकेक महिना वाढत जातो.

साखरपुडा झाल्यावर, लग्नाआधी के-१ व्हिसावर मुलीला बोलावून तिकडे नव्वद दिवसांत लग्न करायचं, असा सल्ला काही जण देतात. लवकर होतं म्हणून तो बरा वाटतो. खर्चाच्या बाजूने तो महाग आहे. पिटिशनचे ६७५, व्हिसाचे २६५, आणि तिकडे लग्न झाल्यावर ग्रीन कार्डच्या अर्जाचे १,४४०, म्हणजे २,३८० डॉलर. शिवाय वर्क परमिट वेगळं मागावं लागतं आणि ते येईपर्यंत कमावता येत नाही. लग्न करून इमिग्रंट व्हिसावर गेलेली व्यक्ती मात्र विमानतळावरून बाहेर पडल्यापासून नोकरी करू शकते. लग्न इथेच करायचं ठरलं असेल तर के-१ च्या वाटेला जाऊ नका.

बोलावणारा नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक, यावर खर्चाचा सगळा आकार ठरतो. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागू नाही. कागद चालतील तेवढाच वेळ. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ-२ए या वर्गात येतो, तिथे दरवर्षीच्या व्हिसांची संख्या ठरलेली असते आणि रांग असते. २०१९ ते २०२३ च्या काळात या वर्गात रांगच नव्हती. त्यानंतर ती पुन्हा लागली. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ती किती सरकली ते कळतं. तुमच्या मुलाच्या ग्रीन कार्डला पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर नागरिकत्वाचा ऑनलाइन अर्ज ७१० डॉलरचा आहे. नागरिकत्व मिळालं की जुनीच पिटिशन नागरिकाच्या वर्गात जाते आणि कोट्याची रांग सुटते. एका कुटुंबाला या काळात करता येईल असा याहून फायद्याचा खर्च मला माहीत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. जोडीदाराला पहिल्या लग्नाचं मूल असेल तर नागरिकाच्या वर्गात त्या मुलासाठी वेगळी पिटिशन आणि वेगळी फी लागते. एफ-२ए मध्ये ते आईच्या किंवा वडिलांच्या अर्जाबरोबर जातं.

हमीपत्र: खरी परीक्षा इथे

फीपेक्षा फाइली जास्त अडकतात त्या आय-८६४ या हमीपत्रावर. येणारी व्यक्ती सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, तिचा खर्च मी उचलेन, असा हा कायदेशीर करार आहे आणि तो बोलावणाऱ्याला करावाच लागतो. अट अशी की घरातल्या माणसांच्या संख्येसाठी ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी उत्पन्न हवं. लष्करात सक्रिय सेवेत असलेल्याला जोडीदारासाठी १०० टक्के पुरतं. २०२५ साली दोन माणसांच्या घराला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती, तिघांना ३३,३१२ आणि चौघांना ४०,१८७. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आहेत.

आयटीत नोकरी असलेला मुलगा हे वाचून म्हणेल, यात काय कठीण आहे. पण ‘घरातली माणसं’ कशी मोजतात ते पाहा. स्वतः, येणारा जोडीदार, कर विवरणपत्रात दाखवलेली अवलंबून असलेली माणसं, आणि याआधी ज्यांच्यासाठी अशीच हमी दिली आहे ती सगळी. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांचं ग्रीन कार्ड केलं असेल तर ते दोघंही मोजले जातात, मग ते वर्षातले आठ महिने सांगलीला राहत असले तरी. म्हणजे ज्याला वाटत होतं की आपल्याला दोघांचा आकडा लागू आहे, त्याला चौघांचा लागू होतो. शिकत असलेला, नुकती नोकरी लागलेला किंवा अर्धवेळ काम करणारा मुलगा इथेच कमी पडतो.

स्वतःचा धंदा असलेल्यांची अडचण वेगळी. मोटेल, दुकान, ट्रक किंवा टॅक्सी चालवणारी माणसं कर वाचावा म्हणून खर्च वाढवून निव्वळ उत्पन्न कमीत कमी दाखवतात. हमीपत्रात तोच निव्वळ आकडा पाहिला जातो. बँकेत महिन्याला कितीही पैसे येत असोत, विवरणपत्रात १८,००० डॉलर दिसले तर १८,००० च. लग्नाचा विचार घरात सुरू झाला त्या वर्षापासून विवरणपत्र या नजरेनेही भरायला हवं. एक वर्ष थोडा कर जास्त जाईल, तो जाऊ द्या.

नोकरदारांकडून होणारी एक चूक फार महागात पडते. डिसेंबरमध्ये कोल्हापुरात लग्न होतं, मुलगा परत जातो, आणि एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना ‘बायको तर भारतात आहे’ म्हणून स्वतःला अविवाहित दाखवतो. अमेरिकी कायद्याने ३१ डिसेंबरला जो विवाहित आहे तो त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहित धरला जातो. आता तेच विवरणपत्र हमीपत्राला जोडायचं असतं, आणि एकाच फाइलमध्ये एक कागद म्हणतो लग्न झालंय, दुसरा म्हणतो नाही. दुरुस्तीचं विवरणपत्र भरून हे सुधारता येतं, पण मुलाखतीआधी सुधारावं. बरोबर मार्ग साधारणपणे दोन. विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्र भरायचं; किंवा जोडीदाराला करापुरतं अमेरिकेचा रहिवासी मानण्याचा पर्याय घेऊन, तिच्यासाठी आयटीआयएन क्रमांक काढून, संयुक्त भरायचं. संयुक्त भरल्याने बहुधा कर कमी होतो, पण मग तिचं भारतातलं उत्पन्नही त्यात दाखवावं लागतं.

उत्पन्न कमीच पडत असेल तर तीन वाटा आहेत. पहिली, त्याच घरात राहणाऱ्या कमावत्या नातेवाइकाचं उत्पन्न जोडायचं. त्यासाठी त्याने आय-८६४ए वर सही करायची. दुसरी, मालमत्ता दाखवायची. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी पाचपट. तूट ५,००० डॉलरची असेल तर एकाला १५,००० ची मालमत्ता पुरते, दुसऱ्याला २५,००० ची लागते. येणाऱ्या जोडीदाराची भारतातली मालमत्ताही यात धरता येते. पण ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे आणि तो पैसा देशाबाहेर नेता आला पाहिजे. मुदतठेव चालते. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट मूल्यांकनासह चालू शकतो. वडिलांच्या नावावरची जमीन, वाटणी न झालेला वाडा, सातबाऱ्यावर पाच नावं असलेलं शेत दाखवून काही उपयोग होत नाही. त्यासाठी मूल्यांकनाला हजारो रुपये घालवू नका.

भारतातला पगार मात्र उत्पन्न म्हणून धरत नाहीत, कारण तिकडे गेल्यावर तो थांबणार असतो. तीच नोकरी तिथूनही रीतसर चालू राहणार असेल तर गोष्ट वेगळी. याच नियमाचा फटका अशा घरांना बसतो जिथे अमेरिकी नागरिक असलेला मुलगा पुण्यात नोकरी करतो, इथेच लग्न करतो आणि मग दोघांनी मिळून जायचं ठरवतो. त्याला आपण अमेरिकेत राहायला परत जात आहोत हेही दाखवावं लागतं, आणि तिथलं उत्पन्न नसल्याने मालमत्ता किंवा दुसरा जामीनदार शोधावा लागतो. अशा जोडप्यातल्या नागरिकाने काही महिने आधी जाऊन नोकरी धरणं, घर भाड्याने घेणं, हाच बहुधा सगळ्यात सरळ रस्ता असतो.

तिसरी वाट जॉइंट स्पॉन्सरची. काका, मामा, मोठी बहीण, मित्र, कोणीही चालतो. तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा आणि त्याच्या स्वतःच्या घराची माणसं अधिक तुमची व्यक्ती एवढ्यांना पुरेल इतकं उत्पन्न त्याचं हवं. आपल्याकडे हे मागताना ‘काका, फक्त एक सही हवी आहे’ असं म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. त्या सहीने काका कराराने बांधले जातात. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिची सोशल सिक्युरिटीची चाळीस तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडून ग्रीन कार्ड सोडेपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत ती जबाबदारी संपत नाही. काकांना उद्या आणखी कोणासाठी हमी द्यायची असेल तर तुमची बायको त्यांच्या माणसांच्या संख्येत मोजली जाईल. त्यांना हे सगळं सांगा, कागद वाचायला आठवडा द्या, आणि ते नाही म्हणाले तर मनात ठेवू नका. त्यांच्या नकाराला पूर्ण कारण आहे.

वाट पाहण्याचे महिने

नागरिकाच्या जोडीदाराचं प्रकरणही वर्षाच्या वर चालतं, एफ-२ए चं त्याहून पुष्कळ जास्त. या काळात जोडीदाराला टुरिस्ट व्हिसा मिळणं अवघड असतं, कारण तिने कायमचं जाण्याचा इरादा कागदावर आधीच सांगितलेला असतो. म्हणून ये-जा तिकडच्यालाच करावी लागते. विमानाची तिकिटं, रजेचे बुडालेले पगार, दोन्हीकडचं भाडं मिळून फीच्या कित्येक पट रक्कम होते, आणि तिची तरतूद घरात क्वचितच केलेली असते. आय-१३० भरताना फीबरोबर दोन तिकिटांचे पैसेही वेगळ्या खात्यात टाका. बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या बँक नोंदी जपून ठेवा. लग्न खरं आहे याचा हाच पुरावा मुलाखतीत लागतो.

याच काळात घरचे विचारू लागतात, ‘आता जायचंच आहे, तर नोकरी कशाला?’ नोकरी सोडू नका. गाडी विकू नका, भाड्याचं घर सोडू नका, विमानाचं तिकीट काढू नका, जोवर पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात येत नाही. वकिलात स्वतःही हेच सांगते. इमिग्रंट व्हिसा बहुधा सहा महिन्यांपर्यंत वापरता येतो, त्याची मुदत मेडिकलच्या तारखेशी जोडलेली असते. नोटीस पिरियड देऊन, सामान आवरून निघायला तेवढा वेळ पुरतो. मुलाखतीआधी सहा महिने घरी बसलेल्या मुलीचे सहा पगार गेलेले असतात आणि तिकडे नोकरी शोधताना बायोडेटात ती मोकळी जागा दिसत राहते.

हे महिने तिकडच्या नोकरीच्या तयारीला वापरले तर पैसा वाचतो. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात काढून घ्या. अमेरिकेतून मुंबई किंवा पुणे विद्यापीठात ते काढवून घेणं जिकिरीचं आहे. पदवीचं मूल्यमापन करून घ्या. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील यांना तिकडचा परवाना वेगळा काढावा लागतो. डॉक्टरांना तर परीक्षांनंतर तिकडची रेसिडेन्सीही करावी लागते, म्हणजे स्वतंत्र डॉक्टर म्हणून कमवायला कित्येक वर्षं लागतात. हे लग्नाआधी दोघांनी कागदावर मांडावं.

‘व्हिसा नक्की करून देतो’ म्हणणारे एजंट गावोगाव आहेत. निकाल कोणीही नक्की करू शकत नाही. साध्या प्रकरणात फॉर्म स्वतः भरता येतात. आधीचा व्हिसा नाकारलेला असेल, पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, गुन्ह्याची नोंद असेल किंवा पहिला घटस्फोट गुंतागुंतीचा असेल तर मात्र अमेरिकेतला परवानाधारक इमिग्रेशन वकील घ्या आणि त्याची फी लेखी ठरवून घ्या. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही’ ने संपतो. फॉर्मसाठी पैसे मागणारी दुसरी कुठलीही साइट सरकारी नाही.

भारतातल्या पैशाचं काय करायचं

या भागाकडे जवळजवळ कोणीच निघण्याआधी पाहत नाही. ग्रीन कार्डधारक म्हणून अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवसापासून तिथला कर जगभरातल्या उत्पन्नावर लागतो. भारतातल्या मुदतठेवीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, शेअरचा नफा, सगळं दाखवावं लागतं. इथे भरलेल्या कराची वजावट बहुतेक वेळा मिळते, पण दाखवणं टळत नाही. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे करमुक्त नाही.

खात्यांची माहिती देण्याचा नियम याहून जास्त लोकांना गाठतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा अहवाल भरावा लागतो. त्यावर कर नसतो, पण न भरल्यास दंड हजारो डॉलरांत जाऊ शकतो. आपल्याकडे वडिलांच्या ठेवीवर मुलीचं नाव जोडलेलं असतं, आजीच्या खात्यावरही असतं. ती सगळी खाती तिच्या हिशेबात पूर्ण रकमेने येतात, पैसा तिचा नसला तरी. निघण्याआधी घरातल्या सगळ्या पासबुकांवरून एकदा नजर फिरवा आणि जिथे नाव केवळ सोयीसाठी आहे तिथून काढून नॉमिनी करा.

म्युच्युअल फंडांबाबत तर मी आग्रहाने सांगेन: निघण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराला भेटा. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी करात पीएफआयसी या वर्गात येतात. त्यांच्यावरचा कर जबर आणि कागदपत्रं किचकट. अमेरिकेचा रहिवासी होण्याआधी विकलेल्या युनिट्सच्या नफ्यावर फक्त भारताचा कर बसतो, म्हणून बऱ्याच जणांना निघण्याआधी एसआयपी बंद करून युनिट्स विकणं सोयीचं पडतं. मात्र त्याच वर्षी संयुक्त विवरणपत्रासाठी रहिवासी धरण्याचा पर्याय घेतला तर ते अख्खं वर्ष मोजलं जातं आणि विक्री त्यात ओढली जाऊ शकते. हे दोन निर्णय एकत्र बसून घ्या, वेगवेगळे नाही.

जाणाऱ्या व्यक्तीला बचत खातं अनिवासींसाठीचं एनआरओ खातं करून घ्यावं लागतं. चालू पीपीएफ मुदत पूर्ण होईपर्यंत चालवता येतं, नवं उघडता येत नाही. आई-वडिलांना मुलीला तिकडे पैसे पाठवायचे असतील तर निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस कापला जात नाही. त्यावरच्या भेटीच्या रकमेवर २० टक्के कापला जातो आणि तो विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. तिने वर्षात परदेशातून १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट घेतली तर कर नसला तरी तिकडे फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं.

पोचल्यावरचं पहिलं वर्ष

आरोग्य विम्याची तारीख पहिल्या आठवड्यात पाहा. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या कंपनीच्या विम्यात नाव घालायला बऱ्याच कंपन्यांत ३० दिवसांचीच मुदत असते. सरकारी बाजारपेठेतून विमा घेणाऱ्याला आल्यापासून ६० दिवस मिळतात. ती चुकली तर पुढच्या नोंदणीपर्यंत महिनोन् महिने विम्याशिवाय राहावं लागतं, आणि अमेरिकेत एक रात्र इस्पितळात काढली तरी व्हिसाच्या सगळ्या फीपेक्षा मोठं बिल येऊ शकतं. ग्रीन कार्डनंतरची पहिली पाच वर्षं बहुतेकांना सरकारी वैद्यकीय मदत मिळत नाही. दोघांच्या सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रोख हाताशी नसेल तर निघायची तारीख थोडी पुढे ढकलायला हरकत नाही.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत कार्डावरची अट काढण्याचा आय-७५१ अर्ज भरायचा, फी ७५० डॉलर. व्हिसा हातात आला तेव्हा लग्नाला तेवीस महिने झाले असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर दोन वर्षं पूर्ण करून मगच विमानात बसा. प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याला लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून दहा वर्षांच्या कार्डाची नोंद मागा. ७५० डॉलर आणि पुन्हा सगळे पुरावे गोळा करण्याचं एक वर्ष वाचतं.

शेवटचं जाणाऱ्या व्यक्तीला सांगायचं आहे, मग ती सून असो की जावई. स्वतःच्या नावाचं भारतातलं एक खातं चालू ठेवा, परतीच्या तिकिटाएवढे पैसे त्यात असू द्या, आणि तिकडे पहिल्या महिन्यातच स्वतःच्या नावाचं खातं उघडा. व्हिसाच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या प्रश्नाला होकार दिला तर तो वेगळा अर्ज न करता घरी येतो. तुमच्यासाठी केलेलं हमीपत्र घटस्फोटानेही संपत नाही. हमी देणाऱ्याने ती पाळली नाही तर तुम्ही स्वतः अमेरिकी न्यायालयात ती मागू शकता. लग्न मोडलं किंवा छळ होत असेल तर दोन वर्षांच्या कार्डाची अट काढायचा अर्ज नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सहीशिवाय एकट्यालाही करता येतो. हमीपत्राचा हा हक्क वापरता यावा म्हणून मुलाखतीला जाण्याआधी सही केलेल्या आय-८६४ ची एक प्रत मागून घ्या. एक स्वतःजवळ ठेवा, आणि एक माहेरी आई-वडिलांकडे देऊन जा.